सूक्ष्म वाहिन्यांतील बुडबुडे आणि त्यांचे संगणकीय सिम्युलेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात संगणकीय द्रवगतिकीचे, म्हणजे द्रव आणि वायूंचे प्रवाह संगणकावर सोडवण्याचे, काम करणारे अभियंते आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. मात्र त्यांतील बहुतेकांचा हात वाहनांभोवतीची हवा, पंप, इंजिन किंवा वातानुकूलन यांवर बसलेला असतो. रोगनिदानाची चिप, इंकजेटचे मुख किंवा इलेक्ट्रॉनिक भाग थंड ठेवणाऱ्या बारीक वाहिन्या अशा कामांकडे वळल्यावर त्यांना जे प्रश्न हमखास पडतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत शक्यतो एकच उदाहरण वापरले आहे : १०० मायक्रोमीटर व्यासाची गोल काचनळी, तीत २० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी, आणि नळी जवळजवळ भरून टाकणारा, सेकंदाला १ सेंटीमीटर वेगाने सरकणारा हवेचा लांबट बुडबुडा.

मोठ्या पाइपांमधील प्रवाहाचा अनुभव येथे का चालत नाही?

कारण बलांची उतरंड उलटी होते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या सांडव्यांची लहान प्रतिकृती करून अभ्यास केला जातो, तेव्हा गुरुत्व आणि जडत्व यांचे गुणोत्तर, म्हणजे फ्राउड संख्या, मूळ रचनेइतकीच राखली जाते, आणि पृष्ठताणाचा परिणाम नगण्य राहील इतकी ती प्रतिकृती मोठी ठेवावी लागते. आपल्या काचनळीत नेमके तेच नगण्य बल सर्वांत प्रबळ असते.

आकडे पाहा. जडत्व आणि विष्यंदिता (द्रवाचा चिकटपणा) यांचे गुणोत्तर सांगणारी रेनॉल्ड्स संख्या येथे सुमारे १ येते. गुरुत्व आणि पृष्ठताण यांची तुलना करणारी बाँड संख्या सुमारे ०.००१४ येते, म्हणजे नळी आडवी ठेवली काय आणि उभी ठेवली काय, बुडबुड्याच्या आकारात फारसा फरक पडत नाही. विष्यंदिता आणि पृष्ठताण यांची तुलना करणारी कॅपिलरी संख्या तर अवघी ०.०००१४ आहे. या तिसऱ्या संख्येवरच पुढचे बहुतेक सारे अवलंबून आहे, म्हणून कोणतेही सिम्युलेशन सुरू करण्यापूर्वी ती कागदावर काढून ठेवावी.

पृष्ठताण प्रबळ आहे म्हणजे प्रत्यक्षात किती?

या उत्तरात या विषयाची सारी अडचण सामावलेली आहे, म्हणून ते सावकाश वाचावे. पाणी आणि हवा यांमधील पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन आहे. यंग आणि लाप्लास यांच्या सूत्रानुसार ५० मायक्रोमीटर त्रिज्येच्या गोलाकार टोकाच्या आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा सुमारे २,९०० पास्कलने जास्त असतो. याउलट, त्याच नळीतून त्याच वेगाने नुसते पाणी वाहत असेल, तर १ मिलिमीटर लांबीवर विष्यंदितेमुळे होणारी दाबाची घट केवळ ३२ पास्कल भरते.

बुडबुड्याच्या पुढच्या टोकाशी आणि मागच्या टोकाशी होणाऱ्या २,९०० पास्कलच्या दोन उड्या एकमेकींना जवळजवळ रद्द करतात. पुढचे टोक किंचित अधिक टोकदार आणि मागचे किंचित अधिक बोथट असल्यामुळे जो थोडा फरक उरतो, तो काही दशक पास्कलांचा असतो, आणि बुडबुडा पुढे ढकलण्यासाठी पंपाला सोसावा लागणारा भार म्हणजे तोच फरक. याचा अर्थ असा की संगणकाने आंतरपृष्ठाची, म्हणजे पाणी आणि हवा यांमधील सीमेची, वक्रता काढताना एका टोकाशी केवळ १ टक्का चूक केली, तरी ती सुमारे २९ पास्कलची चूक होते. म्हणजे जी राशी मोजायला आपण बसलो, जवळपास तेवढीच चूक. मोटारीभोवतीच्या हवेच्या सिम्युलेशनमध्ये १ टक्का अचूकता हे समाधानाचे कारण असते. येथे मात्र तेवढ्या चुकीने सगळे उत्तर वाहून जाऊ शकते.

आंतरपृष्ठ पकडण्याच्या कोणत्या पद्धती आहेत, आणि कोणती निवडावी?

सर्वाधिक वापर व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड या पद्धतीचा होतो. हर्ट आणि निकोल्स यांनी ती १९८१ मध्ये मांडली. गणनेसाठी जागेचे लहान कप्पे (सेल) पाडणाऱ्या जाळीच्या प्रत्येक सेलमध्ये द्रवाचा किती अंश आहे, ही एकच राशी ती पुढे वाहून नेते. त्यामुळे द्रवाचे वस्तुमान काटेकोर राखले जाते, पण आंतरपृष्ठाचा नेमका आकार त्या अंशांवरून मागाहून बांधावा लागतो. ओशर आणि सेथियन यांच्या १९८८ च्या लेव्हल सेट पद्धतीत आंतरपृष्ठापासूनचे चिन्हांकित (एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण) अंतर साठवले जाते. वक्रता सहज मिळते, मात्र जपले नाही तर बुडबुडा हळूहळू आटत जातो. उनवर्दी आणि त्र्युगवासोन यांच्या १९९२ च्या फ्रंट ट्रॅकिंगमध्ये आंतरपृष्ठावर बिंदूंची स्वतंत्र साखळी ठेवली जाते. ती अतिशय अचूक आहे, पण बुडबुडा तुटताना किंवा दोन बुडबुडे मिळताना ती साखळी कशी जोडायची, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. फेज फील्ड पद्धत आंतरपृष्ठाला मुद्दाम जाडी देते, तर लॅटिस बोल्ट्झमन कुळातील (जाळीवर सरकणाऱ्या कल्पित कणांतून प्रवाह काढणाऱ्या पद्धतींतील) शान आणि चेन यांचे १९९३ चे प्रतिमान द्रव आणि वायू यांचे वेगळे होणे कणांच्या परस्पर आकर्षणातून घडवते.

पद्धतीच्या नावापेक्षा ती वक्रता कशी काढते, हे आधी विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सूक्ष्म वाहिन्यांसाठी, भूमितीने बांधलेले आंतरपृष्ठ आणि हाइट फंक्शनने (सेलच्या रांगांतील द्रवाची उंची मोजून) काढलेली वक्रता असलेली व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड पद्धत मी पहिल्यांदा सुचवेन. सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात या दोन गोष्टींचा उल्लेख सापडला नाही, तर पुढचा प्रश्न आणखी काळजीपूर्वक वाचावा.

बुडबुडा स्थिर असतानाही त्याच्याभोवती भोवरे का दिसतात?

त्यांना आभासी प्रवाह म्हणतात, आणि ते पूर्णपणे गणनेतून जन्मलेले असतात. स्थिर बुडबुड्यात दाबाचा उतार आणि पृष्ठताणाचे बल यांनी एकमेकांना प्रत्येक सेलमध्ये अचूक तोलून धरायला हवे. ब्रॅकबिल, कोथे आणि झेमाक यांच्या १९९२ च्या प्रतिमानात पृष्ठताण हे आंतरपृष्ठालगतच्या काही सेलमध्ये पसरवलेले आकारमानी बल म्हणून मांडले जाते. हे बल आणि दाबाचा उतार जाळीवर वेगवेगळ्या रीतीने मोजले, किंवा वक्रता सेलगणिक थोडी डळमळली, तर शिल्लक राहिलेले बल द्रवाला ढकलू लागते.

चित्र जवळून पाहिले तर खूण ओळखता येते : वेगाचे बाण आंतरपृष्ठाच्या दोन्ही बाजूंना लहान लहान भोवऱ्यांच्या जोड्या करून उभे असतात, त्यांची मांडणी जाळीच्या दिशांशी जुळलेली असते, आणि हलक्या हवेच्या बाजूला ते अधिक जोरकस असतात. खऱ्या प्रवाहाला जाळीच्या दिशा ठाऊक नसतात, म्हणून जाळी ४५ अंशांनी फिरवून तोच प्रश्न पुन्हा सोडवणे ही एक साधी आणि परिणामकारक तपासणी आहे.

या प्रवाहांचा वेग साधारणपणे पृष्ठताण भागिले विष्यंदिता या राशीच्या प्रमाणात असतो. पाण्यासाठी ती राशी सेकंदाला ७२ मीटर येते. गुणक एक हजारांश धरला, तरी आभासी वेग सेकंदाला ७ सेंटीमीटर होतो, आणि आपला खरा बुडबुडा तर सेकंदाला १ सेंटीमीटरनेच चालला आहे. मोठ्या टाकीतल्या लाटांच्या गणितात याच चुकीकडे कोणाचे लक्षही गेले नसते.

मग जाळी बारीक केली की हे प्रवाह कमी होतील ना?

अनेकदा होत नाहीत. वक्रतेची चूक जाळीसोबत कमी होत नसेल, तर आभासी प्रवाह तसेच राहतात किंवा वाढतातही. उपाय दुसरीकडे आहे : दाबाचा उतार आणि पृष्ठताणाचे बल सेलच्या त्याच फलकांवर, त्याच सूत्राने मोजायचे आणि वक्रता हाइट फंक्शनने काढायची. पोपिने यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आणि बुडबुड्याला स्थिरावायला पुरेसा वेळ दिला, तर आभासी वेग संगणकाच्या अंकीय अचूकतेच्या मर्यादेपर्यंत खाली येतो. ओपनफोम या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील इंटरफोम हा सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. हा सॉल्व्हर भक्कम आणि सोपा आहे, पण लहान कॅपिलरी संख्येला त्याचे आभासी प्रवाह चांगलेच जाणवतात. आणि त्याऐवजी इंटरआयसोफोम घेतल्यास आंतरपृष्ठ धारदार होते खरे, परंतु वक्रतेची अडचण तेवढ्याने सुटत नाही.

टाइम स्टेप इतकी लहान का घ्यावी लागते?

आंतरपृष्ठावरून धावणाऱ्या सर्वांत आखूड केशिका लहरीने (पृष्ठताणामुळे उठणाऱ्या लहरीने) एका टाइम स्टेपमध्ये, म्हणजे गणनेच्या एका कालपायरीत, एका सेलपेक्षा जास्त अंतर कापू नये, ही अट पाळावी लागते. पृष्ठताण नेहमीच्या रीतीने, म्हणजे मागच्या क्षणाच्या आकारावरून मोजला, तर पाणी आणि हवेसाठी १ मायक्रोमीटरच्या सेलला ही मर्यादा सुमारे ३३ नॅनोसेकंद येते. सेलचा आकार निम्मा केला की मर्यादा जवळजवळ २.८ पटींनी आखडते. प्रवाह कितीही संथ असला तरी ही मर्यादा सैल होत नाही, आणि कूरां संख्येवरून (एका टाइम स्टेपमध्ये प्रवाह किती सेल ओलांडतो, यावरून) टाइम स्टेप ठरवण्याची सवय लागलेल्यांचे गणित येथेच फिसकटते.

बुडबुडा आणि भिंत यांच्यामधला पाण्याचा थर जाळीत पकडलाच पाहिजे का?

आपल्याला काय मोजायचे आहे यावर ते अवलंबून आहे. लांबट बुडबुडा भिंतीला प्रत्यक्ष चिकटत नाही. तो मागे एक पातळ थर सोडत जातो. ब्रेदरटन यांनी १९६१ मध्ये या थराची जाडी काढली : नळीच्या त्रिज्येच्या तुलनेत ती कॅपिलरी संख्येच्या दोन-तृतीयांश घाताला १.३४ ने गुणून मिळते. त्याच वर्षी जी. आय. टेलर यांनी अधिक चिकट द्रवांवरील मोजमापे प्रसिद्ध केली, आणि २००० मध्ये ओसिलू आणि केरे यांनी मोठ्या कॅपिलरी संख्यांनाही चालेल असे सुधारित सूत्र दिले.

आपल्या उदाहरणात हा थर सुमारे ०.१८ मायक्रोमीटर जाडीचा येतो. त्यात पाच सेल बसवायचे आणि जाळी सर्वत्र सारखी ठेवायची म्हटले, तर अर्धा मिलिमीटर लांबीच्या अक्ष-सममित (नळीच्या अक्षाभोवती सर्वत्र प्रवाह सारखा मानणाऱ्या) गणितालाही दोन कोटींच्या आसपास सेल लागतात. आणि बुडबुड्याला तेवढे अंतर कापू द्यायचे असेल, तर टाइम स्टेपची संख्या २० कोटींच्या पुढे जाते. हे कोणीही करू नये.

व्यवहार्य मार्ग असा आहे. पाण्याच्या दहापट विष्यंदितेचे ग्लिसरीनमिश्रित पाणी आणि सेकंदाला सुमारे ७ सेंटीमीटर वेग घेतला, की कॅपिलरी संख्या ०.०१ होते, रेनॉल्ड्स संख्या १ च्या आतच राहते, आणि सुधारित सूत्रानुसार थराची जाडी सुमारे २.७ मायक्रोमीटर होते. अर्ध्या मायक्रोमीटरच्या सेलने हा थर नीट पकडता येतो आणि साधारण एक लाख सेलमध्ये काम भागते. येथे आपला प्रोग्रॅम ज्ञात सूत्राशी जुळला, तर लहान कॅपिलरी संख्येसाठी थराची जाडी सूत्रावरून घेणे हे जाड जाळीवर काढलेल्या सुंदर चित्रापेक्षा अधिक प्रामाणिक ठरते. उष्णतेचे वहन किंवा वायूचे विरघळणे मोजायचे असेल, तर मात्र थराकडे डोळेझाक करता येत नाही, कारण बहुतांश देवाणघेवाण त्या थरातूनच होते.

एक धोका विशेष लक्षात ठेवावा. थर सेलपेक्षा पातळ असेल, तर संगणकाच्या दृष्टीने बुडबुडा भिंतीला टेकतो, तेथे प्रत्यक्षात नसलेली स्पर्शरेषा (पाणी, हवा आणि भिंत जेथे मिळतात ती रेषा) तयार होते, आणि मग बुडबुडा अडखळत चालू लागतो. असा अडखळता बुडबुडा दिसला की भौतिक कारण शोधण्याआधी थरातले सेल मोजावेत.

द्विमितीय सिम्युलेशन पुरेसे आहे का?

गोल नळीसाठी अक्ष-सममित गणित उत्तम. चौकोनी किंवा आयताकृती वाहिनीसाठी, आणि चिपवरील वाहिन्या बहुधा तशाच असतात, सपाट द्विमितीय गणित केवळ प्राथमिक अंदाजापुरते वापरावे. त्यात दुसऱ्या दिशेची वक्रता नाहीशी होते, आणि चौकोनी वाहिनीच्या कोपऱ्यांतून बुडबुड्याला वळसा घालून जाणारे पाणीही नाहीसे होते.

स्पर्शकोन कोणता द्यावा?

भिंतीवर अखंड थर असेल तर स्पर्शकोनाचा, म्हणजे आंतरपृष्ठ भिंतीशी करते त्या कोनाचा, प्रश्नच उद्भवत नाही. स्पर्शरेषा खरोखर असेल, तेव्हा अडचण मूलभूत स्वरूपाची आहे : हुह आणि स्क्रिव्हन यांनी १९७१ मध्ये दाखवले की भिंतीलगत द्रवाचा वेग शून्य ही अट कठोरपणे पाळली, तर सरकत्या स्पर्शरेषेवरील बल अनंत होते. संगणकात ते अनंत होत नाही, कारण सेलचा आकारच नकळत घसरणीचे अंतर (भिंतीलगत द्रव किती घसरतो, ते सांगणारी लांबी) ठरवतो. म्हणूनच स्पर्शरेषेचा वेग जाळी बदलली की बदलतो. घसरणीचे अंतर स्वतः ठरवून द्यावे आणि ते अहवालात नोंदवावे.

एकच स्थिर कोन देणेही सहसा पुरत नाही. पुढे सरकणाऱ्या आणि मागे हटणाऱ्या स्पर्शरेषेचे कोन वेगळे असतात. पीडीएमएस या सिलिकोन रबराच्या चिपवर पाण्याचा कोन सुमारे ११० अंश असतो, प्लाझ्मा प्रक्रियेनंतर तो बराच खाली येतो, आणि चिप हवेत पडून राहिली की पुन्हा हळूहळू वाढतो. त्यामुळे प्रयोग प्रक्रियेनंतर किती काळाने केला, ही माहिती सिम्युलेशन करणाऱ्याने प्रयोग करणाऱ्याकडून मागून घ्यावी.

टी आकाराच्या जोडावर तयार होणाऱ्या बुडबुड्याची लांबी कशी पडताळावी?

लहान कॅपिलरी संख्येला गार्स्तेत्स्की आणि सहकाऱ्यांचा २००६ चा नियम हाताशी ठेवावा : बुडबुड्याची लांबी भागिले वाहिनीची रुंदी म्हणजे १ अधिक, वायू आणि द्रव यांच्या प्रवाहदरांच्या गुणोत्तराला एका स्थिरांकाने गुणून आलेली संख्या. तो स्थिरांक १ च्या आसपास असतो आणि जोडाच्या भूमितीनुसार बदलतो. प्रवाहदराचे तीन-चार वेगवेगळे संच चालवून आलेख सरळ रेषेत येतो का, ते पाहावे. एकाच बिंदूवर जुळलेले उत्तर पुरावा म्हणून धरू नये.

पुण्यातील हवामानाचा किंवा उंचीचा काही परिणाम होतो का?

होतो, आणि तो सहसा विसरला जातो. वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत एप्रिल-मे महिन्यांत पाण्याचे तापमान ४० अंशांच्या जवळ गेले, तर त्याची विष्यंदिता २० अंशांच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशाने घटते, तर पृष्ठताण जेमतेम ४ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे त्याच वेगाला कॅपिलरी संख्या जवळजवळ एक-तृतीयांशाने उतरते. सिम्युलेशनमध्ये २० अंशांचे पाठ्यपुस्तकातील आकडे आणि प्रयोग मात्र मे महिन्यातला, अशी गल्लत टाळावी.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने वातावरणाचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. लांब वाहिनीत टोकापर्यंत ५ किलोपास्कलची घट असेल, तर बुडबुडा बाहेर पडेपर्यंत सुमारे ५ टक्क्यांनी फुगतो. वायू असंपीड्य (दाबाने आकारमान न बदलणारा) धरलेल्या गणितात हे फुगणे दिसणार नाही.

पाण्यात साबणासारखे पृष्ठसक्रिय द्रव्य असेल तर?

केवळ पृष्ठताणाचा आकडा कमी करून भागत नाही. ते द्रव्य आंतरपृष्ठावर एकसारखे पसरत नाही. बुडबुड्याच्या एका भागात साचते, पृष्ठताणात फरक निर्माण होतो, आणि त्या मारंगोनी ताणामुळे आंतरपृष्ठ जवळजवळ कडक भिंतीसारखे वागू शकते. अशा वेळी भिंतीवरचा थर ब्रेदरटनच्या अंदाजापेक्षा जाड होतो. जैविक नमुन्यांतील प्रथिनेही हेच करतात. सिम्युलेशनचा शुद्ध पाण्यासाठीचा थर आणि प्रयोगातला जाड थर यांत तफावत आली, तर जाळीइतकाच संशय पाण्याच्या स्वच्छतेवर घ्यावा.

सॉफ्टवेअर कोणते आणि संगणक किती मोठा लागतो?

बॅसिलिस्क मुक्त स्रोत आहे, त्यात हाइट फंक्शन आहे आणि आंतरपृष्ठाजवळ आपोआप दाट होणारी जाळी आहे; सी भाषेशी ओळख असणाऱ्या विद्यार्थ्याने ते आधी पाहावे. गुंतागुंतीच्या भूमितीसाठी ओपनफोम सोयीचे पडते. व्यावसायिक सॉफ्टवेअरही चालेल. फक्त स्थिर बुडबुड्याची चाचणी त्यालाही द्यायला लावावी.

अक्ष-सममित गणित चांगल्या वर्कस्टेशनवर होते. त्रिमितीय गणितासाठी समूहसंगणक लागतो. या बाबतीत पुण्यातील विद्यार्थ्याला संधी आहे : १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा करणाऱ्या सी-डॅक या संस्थेचे हे शहर आहे, आणि पाषाणच्या आयसर संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे. अशा यंत्रावर वेळ मागताना अर्जासोबत लहान जाळीवरच्या चाचण्यांचे निकाल जोडावेत.

कोणत्या क्रमाने चाचण्या कराव्यात, आणि अहवालात काय द्यावे?

पहिली चाचणी स्थिर बुडबुड्याची : आतल्या-बाहेरच्या दाबाचा फरक यंग-लाप्लासशी किती जुळतो आणि कमाल आभासी वेग किती, हे तीन जाळ्यांवर काढावे. दुसरी, किंचित चेपलेल्या थेंबाच्या कंपनाची. त्याची वारंवारता रॅले यांनी १८७९ मध्ये दिलेल्या सूत्राशी ताडता येते. तिसरी, नळीतल्या सरकत्या बुडबुड्याच्या थराची, वर सांगितलेल्या ०.०१ कॅपिलरी संख्येला. या तिन्ही पार पडल्यावरच स्वतःच्या चिपची भूमिती हातात घ्यावी.

प्रयोगाच्या छायाचित्रांशी तुलना करताना गोल काचनळीची वक्र भिंत प्रकाश वाकवते, हे लक्षात घ्यावे. नळीभोवती काचेच्या अपवर्तनांकाशी जुळणारा द्रव भरल्याखेरीज थराची जाडी छायाचित्रावरून मोजू नये. अहवालात कॅपिलरी आणि रेनॉल्ड्स संख्या, द्रवाचे तापमान, थरात असलेल्या सेलची संख्या, स्पर्शकोन आणि घसरणीचे अंतर यांबरोबरच स्थिर बुडबुड्याच्या चाचणीतला कमाल आभासी वेगही द्यावा, आणि तो प्रत्यक्ष बुडबुड्याच्या वेगाशेजारीच लिहावा, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही आकडे एका नजरेत ताडून पाहता येतील.